‘काकू’ न्यायला आले! बंगाली नात्यांचे शब्द डोक्यात कसे बसवायचे?

सांगलीकर_आजी

लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली. सासर बंगाली, चंदननगरचं, हुगळी नदीच्या काठी. लग्न सांगलीत झालं तेव्हा त्यांच्याकडची मोजून अकरा माणसं आली होती. ‘या, बसा, जेवलात का’ एवढ्यावर निभावलं.

खरी फजिती गेल्या वर्षी झाली. जगद्धात्री पूजेला आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे निघालो. पुण्याहून आझाद हिंद, दोन रात्री गाडीत. ऐन वेळी जावई कामानिमित्त बाहेरगावी अडकले. त्यांचा फोन आला, “काकू आएँगे लेने, बड़ी घड़ी के नीचे रुकिए.” आता जावयांच्या हिंदीत बाई-पुरुष हा भेद नसतोच. ‘ट्रेन आ गया’, ‘माँ बोला था’ हे ऐकून माझे कान तयार झालेले. त्यामुळे ‘आएँगे’ मी सोडून दिलं आणि ‘काकू’ धरून ठेवलं. हावड्याच्या त्या घड्याळाखाली पहाटे पाऊण तास मी साडीतली, चुलतसासूच्या वयाची बाई शोधत होते. शेजारी एक भरघोस मिशीवाले गृहस्थ छत्री घेऊन उभे. तेही मान वर करकरून कोणाला तरी शोधत होते. शेवटी ह्यांनी लेकीला फोन लावला, लेकीने काकूंना लावला, आणि माझ्या शेजारची मिशी “हॅलो” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई आतून ओरडल्या, “माशी एशेछे!” मी हातातला पेपर गुंडाळून माशी मारायला उठले. भांडी घासायला बाई आली होती.

हसा खुशाल, आमचे हे अजून हसतात. पण आता नातवाचं मुखे-भात आहे, म्हणजे आपलं उष्टावण. त्याला आठवा महिना लागेल तेव्हा. माझा धाकटा त्याचा मामा, आणि पहिला घास मामानेच भरवायचा असतो म्हणे, म्हणून तोही येतोय. लेकीने येणाऱ्या माणसांची यादी पाठवली आहे. चौतीस नावं, प्रत्येकापुढे नातं. मी ती वहीत उतरवून काढली आणि रोज पाठ करते, जसे लहानपणी पाढे करायचो. जेठू, जेठिमा, शेजोकाकू, छोटोकाकू, फुलपिशी, पिशेमशाय, मेशो… संध्याकाळपर्यंत सगळा काला होतो.

माझे प्रश्न साधे आहेत. एक, हे लक्षात ठेवायची काही रीत आहे का? दोन, मी स्वतः ह्या लोकांना काय म्हणू? मी काही त्यांची सून नाही. आणि तीन, नातू मला काय म्हणणार? लेक म्हणते ‘दिदा’. मला ते बरोबर ‘दिलं का’ विचारल्यासारखं ऐकू येतं.

---

बेहाला_वहिनी

काकू (आता तुम्हाला काकू म्हणायचीही चोरी झाली), मी मूळची कराडची, कोलकात्यात बेहालाला सासर, एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी मीही वही केली होती. फेकून द्या ती.

शब्द पाठ करू नका, घर पाठ करा. मराठीत आपण एकच प्रश्न विचारतो: वडिलांकडचा की आईकडचा? वडिलांचा भाऊ काका, मग तो मोठा असो की धाकटा. बंगाली माणूस आणखी एक विचारतो: वडिलांपेक्षा मोठा की लहान? मोठा असेल तर जेठू किंवा जॅठामशाय, त्याची बायको जेठिमा. लहान असेल तर काका किंवा काकू, त्याची बायको काकिमा. ज्येष्ठ ह्या शब्दावरूनच जेठू आला आहे, तेवढं धरलं की पुरे. वडिलांची बहीण पिशी, तिचा नवरा पिशेमशाय. आईची बहीण माशी, नवरा मेशो. मामा तो मामाच, मामी मामीच. ह्या बाजूला मोठा-धाकटा भेद नाही, त्यामुळे तुमचा धाकटा निवांत आहे.

नवऱ्याच्या बाजूलाही तोच प्रश्न. आपण सगळ्यांना दीर म्हणून मोकळे. इथे मोठा तो भाशुर आणि धाकटा तो देओर. हा भेद नुसता नावाचा नव्हता. जुन्या घरांत भाशुरासमोर धाकट्या भावाची बायको डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, त्याच्या सावलीलाही जपायची. देओर आणि बौदी (वहिनी) मात्र थट्टामस्करीला मोकळे. माझ्या सासूबाई अजून सांगतात की त्यांनी भाशुरांशी पहिली काही वर्षं सरळ बोलणंच केलं नाही, मध्ये एखादं पोर उभं करून त्याला सांगायचं. आता माझे भाशुर माझ्याकडून मोबाईलचं रिचार्ज करून घेतात. असो.

मग येतो भावंडांचा क्रम. बॉड़ो, मेजो, शेजो, नॉ, छोटो. थोरला, मधला, तिसरा, चौथा, धाकटा. चारच असतील तर ‘नॉ’ बहुधा गाळतात. पूर्वी घरं एवढी मोठी की हे शब्दही कमी पडायचे, मग फुल, रांगा, नोतून, शोना असे लाडाचे शब्द जोडायचे. तुमच्या यादीतली फुलपिशी म्हणजे फुलं विकणारी नाही, एवढंच.

तुमच्याकडचे मिशीवाले काकू घ्या. यादीत शेजोकाकू आहे म्हणजे तुमचे व्याही चौघांतले असणार: जेठू पहिले, व्याही दुसरे, मिशी तिसरी, छोटोकाकू चौथे. बरोबर ना? जावयांचे ते शेजोकाकू. नातवाचे ते शेजोदादू, कारण आजोबांचे भाऊ सगळे दादूच. आणि तुमचे? तुमचे ते बेयाई. व्याह्याचा भाऊही बेयाईच. बेयाई म्हणजे आपला व्याही आणि बेयान म्हणजे विहीण, शब्द कानाला लावून बघा, सख्खे वाटतात. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न सोपा आहे. पुरुषांना ‘बेयाईमशाय’, विहीणबाईंना ‘बेयान’ किंवा सरळ ‘दिदी’. वयाने मोठ्या जेठूंना ‘दादा’ म्हटलंत तरी कोणी हसणार नाही. वयाने लहान असेल त्याला नावाने.

आणि एक महत्त्वाचं. भाशुर, देओर, जा, ननद हे शब्द दुसऱ्याला सांगण्यासाठी, हाक मारण्यासाठी नाहीत. आपण तरी ‘ए जाऊ’ म्हणून हाक मारतो का? माझ्या थोरल्या जावेला मी दिदिभाई म्हणते. भाशुरांना दादा. धाकट्याला नावाने, तेही कागदावरच्या नावाने नव्हे. इथे प्रत्येकाला एक भालोनाम असतं शाळेसाठी, आणि एक डाकनाम घरासाठी. लग्नानंतर दोन महिने मला वाटत होतं की घरात ‘बुबाई’ नावाचं एखादं लहान मूल आहे. बुबाई माझे देओर निघाले, वजन ब्याण्णव किलो.

दिदाबद्दल नंतर लिहिते, भात लावलाय.

---

ढाका_रिटर्न

वहिनींनी लिहिलं ते हिंदू घरांचं झालं. मी पाच वर्षं ढाक्याला कपड्यांच्या धंद्यात होतो, तिथला अनुभव सांगतो, कारण माझी चूक काकूंच्या चुकीपेक्षा वाईट होती.

ऑफिसातला एक पोरगा, असेल पंचवीसचा, डोळे लाल करून आला. “दादा मारा गेछेन.” मला बंगाली येत होतं ते कोलकात्याच्या शिकवणीचं. दादा म्हणजे थोरला भाऊ. मी त्याला जवळ घेतलं, म्हटलं अरे काय वय होतं त्याचं, मुलंबाळं किती लहान असतील. तो गोंधळून माझ्याकडे बघतोय. वारले होते त्याचे आजोबा, वय नव्वदीच्या पुढे.

मुसलमान बंगाली घरांत दादा-दादी म्हणजे वडिलांचे आईवडील, नाना-नानी म्हणजे आईचे. थोरला भाऊ तो भाई किंवा भाइया, थोरली बहीण आपा, लाडाने आपू. काका तो चाचा, पिशी ती फुफू, माशी ती खाला आणि तिचा नवरा खालू. थोरल्या बहिणीचा नवरा दुलाभाई, तर हिंदू घरांत तोच जामाईबाबू. पश्चिम बंगालमधल्या मुसलमान घरांतही बरेचसे हेच शब्द आहेत, म्हणजे सीमेपेक्षा घर कोणाचं ते बघायचं. माणूस काय म्हणतो ते आधी ऐकावं आणि तेच आपण म्हणावं. जॉल म्हणणाऱ्याला जॉल, पानी म्हणणाऱ्याला पानी.

मामा तेवढा दोन्हीकडे मामाच. ढाक्यात तर रिक्षावाला मामा, चहावाला मामा, झेरॉक्सवाला मामा. “मामा, जाबेन?” म्हटलं की रिक्षा थांबते. आपल्याकडे ‘मामा बनवला’ म्हणतात ते डोक्यात होतं, त्यामुळे सुरुवातीला जीभ वळायची नाही.

---

उच्चारपंत

थोडं कानाचं बोलतो. बंगालीत श, ष, स तिन्ही बहुतेक वेळा ‘श’ सारखेच ऐकू येतात, म्हणून मासी लिहून माशी, पिसी लिहून पिशी. ‘श्वशुर’ लिहितात आणि ‘शोशुर’ म्हणतात, जोडाक्षरातला ‘व’ गिळून टाकतात. शब्दातला मोकळा ‘अ’ ओठ गोल करून येतो, ‘ऑ’ आणि ‘ओ’ च्या मध्ये कुठेतरी.

मराठी माणसाची खरी अडचण ‘ज’ ची. आपला जाऊ मधला ‘ज’ दातांपाशी लागतो, जावई-जात्यासारखा. त्यांचा ‘जा’ मधला ‘ज’ जय-जीव मधला. जाऊबाईंची ओळख करून देताना दातातला ‘ज’ लावलात तर समोरच्याला कळेल, पण हसू येईल.

बाकी मावशी आणि माशी एकाच संस्कृत शब्दाच्या लेकी, दीर आणि देओर तसेच. फक्त म्हणी भांडतात. आपण म्हणतो माय मरो, मावशी जगो. बंगाली म्हणतो ‘मायेर चेये माशीर दॉरोद बेशी’, म्हणजे आईपेक्षा मावशीलाच पुळका, आणि ते टोमण्याने म्हणतो.

---

सांगलीकर_आजी

उच्चारपंत, तुमचं वाचून आरशासमोर जा-जा करत बसले होते. ह्यांनी विचारलं कोणाला घालवतेस.

वहिनी, चौघांचं अगदी बरोबर ओळखलंत. मी वही फेकली नाही, पण उलटी केली. मधल्या पानावर घराचं चित्र काढलं, चार खोल्या, चार भाऊ, आणि प्रत्येक खोलीत कोण राहतं. एका बैठकीत बावीस जण बसले डोक्यात. मात्र चुलत-मावस भावंडं राहिलीत. यादीत एकापुढे ‘पिशतुतो दादा’ आणि एकापुढे ‘खुड़तुतो बोन’ आहे. आणि ती भांडीवाली माशी माझ्या मनातून जात नाही. सख्ख्या मावशीचा शब्द कामवाल्या बाईला लावतात, ह्यात मान आहे की काय आहे?

---

बेहाला_वहिनी

‘तुतो’ म्हणजे आपलं ‘चुलत, मावस’ मधलं शेपूट. पिशतुतो आत्तेभाऊ, माशतुतो मावस, मामातो मामे, जॅठतुतो आणि खुड़तुतो दोन्ही चुलत. खुड़ो हा काकाचा जुना शब्द, आता हाकेत फारसा राहिला नाही, ह्या शेपटात अडकून बसलाय. ‘चोरे चोरे माशतुतो भाई’ ही म्हण हिंदीतून तुम्ही ऐकलीच असेल, तीच. पण हाक मारताना तुतो-बितो काही नाही, आत्तेभाऊही नुसता दादा. कुणी तुमच्यासमोर ‘माझा पिशतुतो दादा’ म्हणाला तर तो तुम्हाला समजावून सांगतोय असं समजा. ‘दा’ जोडायची सवय तर तुम्हाला विविध भारतीने लावलेलीच आहे, सचिनदा, पंचमदा, हेमंतदा. स्त्रीच्या नावाला तसंच दि.

माशीचं. खरं सांगू? दोन्ही आहे. नावाने हाक मारणं वयाने मोठ्या बाईला शोभत नाही म्हणून नातं लावतात, आणि ते मनापासून असतं. पण त्याच माशीला चहाचा कप वेगळा ठेवणारी घरंही मी पाहिली आहेत. आपल्याकडे मावशी म्हणतात तेव्हा तरी काय वेगळं असतं. मी माझ्या माशीला दिदी म्हणते, कारण ती माझ्याहून चार वर्षांनीच मोठी आहे. तिला ते आधी विचित्र वाटलं होतं.

आता दिदा. आईची आई ती दिदिमा, तिचं लाडाचं दिदा, दिम्मा, दिदुन, दिदू, पोराच्या जिभेला येईल ते. वडिलांची आई ठाकुमा, ठाम्मा. आजोबा दोन्हीकडचे दादू, त्यामुळे तिथे गावाचं नाव जोडावं लागतं, तुमचे हे ‘शांगलीर दादू’ होतील बहुतेक. तुम्हाला दिदा नको असेल तर आजच सांगून ठेवा. पोर बोलायला लागलं की मग कोणाच्या बापाचं चालत नाही.

एक राहिलं. तुमची लेक तुम्हाला ‘तू’ म्हणत असेल. बहुतेक बंगाली घरांत आईला ‘तुमी’. ‘तुई’ म्हणजे लहानांना किंवा जिवलगांना. सगळ्यांसमोर ती तुम्हाला अगं-तूगं करेल तेव्हा दोन-चार भुवया वर जातील. जाऊ देत.

---

सांगलीकर_आजी

परवा परत आलो. सांगायचं कबूल केलं नव्हतं, पण राहवत नाही.

हावड्याला पुन्हा मिशीवालेच आले. मी लांबूनच हात वर केला, “बेयाईमशाय!” ते एवढे खूश झाले की पुढचा सगळा रस्ता, चंदननगर येईपर्यंत, माझ्याशी अखंड बंगालीत बोलत होते. मला सातातला एक शब्द कळत होता. पण ती थट्टा होती एवढं कळलं, कारण ह्यांच्याकडे बघून ते डोळे मिचकावत होते. नंतर लेकीने सांगितलं की बेयाई-बेयान हे थट्टेचंच नातं, मुभा असते.

मुखे-भाताला नातवाला इवलंसं धोतर आणि डोक्यावर शोलेचा, म्हणजे भेंडाचा, पांढरा टोपर (उंच टोपी), आपल्याकडे नवरदेवाला मुंडावळ्या तसा. टोपर त्याला टोचत होता, तो दर मिनिटाला ओढून काढायचा आणि फुलपिशी परत घालायची. माझ्या धाकट्याने पायेशचा, म्हणजे खिरीचा, पहिला घास भरवला. पोराने तो तोंडात धरला, विचार केला, आणि मामाच्या कोऱ्या कुर्त्यावर परत दिला. जेठू म्हणाले, “मामार बाड़ीर आबदार!” सगळे हसले. मामाच्या घरी कसलाही हट्ट चालतो, अशा अर्थाचं काहीतरी. मग ताटात माती, पुस्तक, पेन आणि पैसे ठेवून त्याच्यापुढे सरकवलं. त्याने माती धरली. विहीणबाई म्हणाल्या जमीनजुमला होणार. हे म्हणाले, खाणार आहे बहुतेक. आणि ती खाल्लीच.

चुका झाल्या. जेठिमांना एकदा काकिमा म्हटलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण काकिमा बोलल्या. पिशेमशाय आणि मेशो मी शेवटपर्यंत उलटसुलट केले. आता दोघांनाही दादाच म्हणायचं ठरवलंय.

माशीचं नाव विचारून घेतलं. पण तिला मी काय म्हणावं ते ठरलं नाही, तेवढ्यात ती मला म्हणाली, “दिदा, चा खाबेन?” म्हणजे मला आधी दिदा तिनेच केलं. आमच्याकडे चहा पितात, इथे खातात, ते जाऊ द्या, मी खाल्ला.

निघताना विहीणबाईंनी माझा नंबर नव्या फोनमध्ये घालून घेतला. मी वाकून बघितलं, बंगाली अक्षरं आता थोडी लागतात. आ, मग ज ला खाली आणखी एक ज चिकटवलेला, मग वेलांटी. मी लेकीला विचारलं तू सांगितलंस का. तिने नाही म्हटलं. गेल्या वर्षी मी नातवाच्या डोहाळजेवणाच्या वेळी फोनवर पोटाशी बोलायचे ना, ‘आज्जी येणारे हं’, ते विहीणबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलेलं.